‘बिहाइंड द टेम्पल ओन्ली’ पुन्हा पुन्हा काबर येतं आणि ते कायमचं कसं काढायचं

आमच्या ऑफिसातून कस्टमरला जे इंग्लिश मेल जातात ते पाठवायच्या आधी एकदा माझ्या नजरेखालून जातात. पोट्टे हुशार आहेत, टेन्स चुकत नाही, स्पेलिंग चुकत नाही, तरी एक चूक अशी आहे की आज एका वाक्यातून काढली की उद्या दुसऱ्या वाक्यात हजर, आणि दर वेळी वेगळा वेष घालून येते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही की ही कालचीच आहे. नमुने बघा:

‘अवर ऑफिस इज बिहाइंड द टेम्पल ओन्ली.’
‘आय ॲम वर्किंग हिअर ऑलमोस्ट सिन्स थ्री इयर्स.’
‘ही कॉल्ड आफ्टर लंच इमिजिएटली.’
‘वी इन्फॉर्म्ड यू व्हेरी बिफोर द ड्यू डेट.’
‘इन मे ऑल्सो वी आर ओपन.’

पहिल्या वाक्यातला ‘ओन्ली’ काढ म्हटलं की काढतात, आणि पुढच्या मेलमध्ये ‘बिहाइंड द टेम्पल एक्झॅक्टली’ लिहून आणतात. म्हणजे शब्द बदलला, जागा तीच राहिली. इथे शब्दांची यादी पाठ करून काही होत नाही, कारण गडबड जागेची आहे, म्हणून वाक्य वाक्य सुधारत बसण्यापेक्षा एकदा मुळात हात घालू.

हे होतं कशामुळे

शाळेत आपल्याला शिकवलं की ॲडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण, ते क्रियापदाबद्दल सांगतं, विशेषणाबद्दल सांगतं आणि दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दल सांगतं. तीन कामं, विषय संपला. चौथं काम कोणी सांगितलंच नाही, की ॲडव्हर्ब प्रिपोझिशनच्या (‘बिहाइंड’, ‘बिफोर’, ‘इन’ असे नावाआधी बसणारे शब्द) अख्ख्या तुकड्यालाही लागतं. ‘बिहाइंड द टेम्पल’ हा एक तुकडा, आणि किती मागे, नक्की मागे की जरासं मागे, हे सांगणारा शब्द त्या तुकड्याला लागतो. नावावरून फसायला होतं, क्रियाविशेषण म्हटलं की माणूस क्रियापद शोधत बसतो आणि ते शेजारी सापडलं नाही की शब्द वाक्याच्या शेवटी नेऊन टाकतो.

दुसरं कारण जास्त मोठं आहे आणि ते आपल्या मराठीतच आहे. मराठीत असल्या शब्दांना बसायला तीन जागा आहेत आणि आपण तिन्ही दिवसभर वापरून राहिलो, विचार न करता.

एक जागा सगळ्यात पुढची. ‘थेट स्टेशनपर्यंत’, ‘पार वर्धेपर्यंत’, ‘भर चौकात’, ‘ऐन उन्हाळ्यात’, ‘ठीक नऊ वाजता’. हे थेट, पार, भर, ऐन, ठीक नेहमी तुकड्याच्या तोंडाशी उभे असतात, ‘चौकात भर’ कोणी म्हणत नाही.

दुसरी जागा मधली. ‘मंदिराच्या अगदी मागे’, ‘पुलाच्या जरा अलीकडे’, ‘परीक्षेच्या बरंच आधी’. नाव आधी येऊन गेलं, मग अगदी, जरा, बरंच, आणि शेवटी मागे, अलीकडे, आधी.

तिसरी जागा शेवटची, शेपटाला चिकटलेली. ‘मंदिराच्या मागेच’, ‘मे मध्ये सुद्धा’, ‘जेवण झाल्यावर लगेच’, ‘नागपुरातच’.

इंग्लिशमध्ये जागा एकच. प्रिपोझिशनच्या लगेच डावीकडे. आधी ॲडव्हर्ब, मग प्रिपोझिशन, मग नाव. मराठीतल्या तीन जागांमधून कुठूनही आलेला शब्द असो, त्याला त्या एकाच खुर्चीवर बसवायचं आहे. ‘थेट स्टेशनपर्यंत’ झालं ‘स्ट्रेट टू द स्टेशन’, ‘मंदिराच्या अगदी मागे’ झालं ‘राइट बिहाइंड द टेम्पल’, आणि ‘मंदिराच्या मागेच’ हे पण ‘राइट बिहाइंड द टेम्पल’च. ‘जेवण झाल्यावर लगेच’ म्हणजे ‘राइट आफ्टर लंच’ किंवा ‘इमिजिएटली आफ्टर लंच’.

पहिल्या जागेवरचे शब्द फारसे चुकत नाहीत, कारण मराठी आणि इंग्लिश तिथे सारखंच चालतात. मधल्या जागेवरचे थोडे चुकतात. सगळा राडा तिसऱ्या जागेचा आहे, म्हणजे च, सुद्धा आणि लगेच ह्यांचा. वरचे नमुने परत बघा, पाचातले तीन तिथलेच आहेत.

पहिला उपाय: जोडी फोडू नका

मधल्या जागेचं एक बरं आहे. ‘अगदी मागे’ ही जोडी मराठीतच तयार आहे, ती जशीच्या तशी उचलायची, ‘राइट बिहाइंड’, आणि नाव नंतर टाकायचं. ‘जरा अलीकडे’ उचललं, ‘जस्ट बिफोर’, मग ‘द ब्रिज’. ‘बरंच आधी’ उचललं, ‘वेल बिफोर’, मग ‘द एक्झाम’. पोळ्यातल्या बैलजोडीसारखं समजा, दोघं एकाच जुवाखाली, मधे तिसरा घुसवायचा नाही आणि एकाला सोडून दुसऱ्याला पुढे न्यायचं नाही.

च असेल तर आधी मनातल्या मनात त्याला ‘अगदी’ करून बघा. ‘मंदिराच्या मागेच’ म्हणजे ‘मंदिराच्या अगदी मागे’, आता जोडी झाली, आता इंग्लिशमध्ये न्या. एवढं एक केलं तरी ‘ओन्ली’चा निम्मा त्रास जातो.

मोजमाप असलं तरी हेच. आपल्याकडे ‘बिफोर टू मन्थ्स’ सर्रास लिहितात आणि मला ते बाकी कशापेक्षा जास्त खटकतं. एकाने दीक्षाभूमीवर छोटा मजकूर लिहिला होता पाहुण्यांसाठी. माहिती पक्की होती, बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं महापरिनिर्वाण झालं, पण इंग्लिश वाक्य होतं ‘बिफोर टू मन्थ्स ऑफ हिज डेथ’. आता मराठी बोलून बघा. ‘महापरिनिर्वाणाच्या दोन महिने आधी’. ‘दोन महिने आधी’ ही जोडी समोर पडली आहे, उचला, ‘टू मन्थ्स बिफोर’, आणि पुढे ‘हिज डेथ’. दोन महिने पूर्ण भरत नाहीत हे दाखवायचं असेल तर आकड्याच्या आधी अजून एक शब्द चढतो, ‘लेस दॅन टू मन्थ्स बिफोर हिज डेथ’. त्याच मजकुरात पुढे होतं की तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होतं, राजधानीच होती ना आपली, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आलं. दीक्षेपासून तीन आठवडे सुद्धा झाले नव्हते, म्हणजे ‘लेस दॅन थ्री वीक्स आफ्टर द सेरेमनी’. माप आधी, प्रिपोझिशन मग, घटना शेवटी. आणि आजपासून मागे मोजायचं असेल, समोर दुसरी कोणती घटनाच नसेल, तर ‘बिफोर’ला बोलावूच नका, ‘टू मन्थ्स अगो’ म्हणा.

अंतराचं पण असंच. रामटेक नागपूरपासून साधारण पन्नास किलोमीटर, तर ‘रामटेक इज अबाउट फिफ्टी किलोमीटर्स फ्रॉम नागपूर’. ‘फ्रॉम नागपूर अबाउट फिफ्टी किलोमीटर्स’ असं लिहिलं तर समजतं, पण वाचणाऱ्याला वाक्य उलटं करून घ्यावं लागतं.

कोणासोबत कोण बसतं

जागा समजली तरी जोडीदार चुकला की वाक्य परत आडवं होतं, आणि इथे सगळ्यात जास्त ‘व्हेरी’ने वाट लावली आहे. आपण ‘अगदी’ आणि ‘खूप’ दोन्हीला ‘व्हेरी’ लावून मोकळे होतो. ‘व्हेरी’ बसतं विशेषणाला, ‘व्हेरी लेट’, ‘व्हेरी हॉट’. साध्या जागा आणि वेळ दाखवणाऱ्या तुकड्याआधी ते बसत नाही, म्हणून ‘व्हेरी बिहाइंड’ नाही, ‘व्हेरी बिफोर’ नाही, ‘व्हेरी इन द मिडल’ तर नाहीच नाही. अपवाद म्हणजे ‘निअर’ आणि ‘क्लोज टू’, कारण ते विशेषणासारखे कमीजास्त होतात, ‘व्हेरी निअर द स्टेशन’ एकदम बरोबर. आणि तुकड्याचा अर्थ जागेचा नसून मताचा किंवा मनाचा असेल तर ‘व्हेरी मच’ चालतं, ‘व्हेरी मच अगेन्स्ट द प्लॅन’, ‘व्हेरी मच इन फेव्हर’.

‘राइट’ हा सगळ्यात कामाचा माणूस. जागा, वेळ आणि दिशा, तिन्हीकडे चालतो. ‘राइट नेक्स्ट टू द बँक’, ‘राइट आफ्टर पोला’ (आपली मारबतीची मिरवणूक निघते ना पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी, तर ‘द मारबत प्रोसेशन कम्स राइट आफ्टर पोला’), ‘राइट थ्रू द मार्केट’. ‘भर चौकात’ आणि ‘ऐन उन्हाळ्यात’ दोघांसाठी ‘राइट इन द मिडल ऑफ’ आहे, एकदा चौक एकदा उन्हाळा. पण जागा, वेळ, दिशा नसेल तिथे ‘राइट’ चालत नाही, ‘राइट विथ माय ब्रदर’ किंवा ‘राइट अबाउट द सॅलरी’ असं लिहू नका. हे इतकं पक्कं आहे की इंग्लिशचे व्याकरणवाले एखादा शब्द प्रिपोझिशन आहे का हे ओळखायला त्याच्याआधी ‘राइट’ किंवा ‘स्ट्रेट’ लावून बघतात. बसला तर बहुतेक त्याच घरातला. (अमेरिकेच्या दक्षिणेत आणि इंग्लंडच्या उत्तरेत ‘राइट गुड’ असं पण बोलतात, ‘लय भारी’ अशा अर्थाने, ते त्यांच्या बोलीचं झालं, मेलमध्ये आणायचं नाही.)

‘वेल’ म्हणजे बरंच. पण हा निवडक लोकांतच बसतो: ‘वेल बिफोर’, ‘वेल आफ्टर’, ‘वेल अबव्ह’, ‘वेल बिलो’, ‘वेल विदिन’, ‘वेल बियाँड’, ‘वेल अहेड ऑफ’. मे महिन्यात आपला पारा कुठे असतो ते सांगायला ‘वेल अबव्ह फॉर्टी’ पेक्षा चांगलं काही नाही. ड्यू डेटच्या बरंच आधी कळवलं होतं असं कस्टमरला ऐकवायचं असेल तर ‘वेल बिफोर द ड्यू डेट’. ‘मच बिफोर’ आपल्याकडे जाम चालतं आणि मी त्यावर भांडत नाही, फक्त बाहेरच्या माणसाला मेल असेल तर ‘वेल’ करून टाकतो.

वेळेचं बारीक दाखवायचं असेल तर मी पोट्ट्यांना मुंबईकडून येणाऱ्या गाडीवर समजावतो. अजनी येतं ‘जस्ट बिफोर नागपूर’. सामान काढायचं ते ‘शॉर्टली बिफोर नागपूर’, म्हणजे अजून थोडं आधी. ज्याला गर्दीची भीती आहे तो दाराशी येऊन उभा राहतो ‘वेल बिफोर नागपूर’. गाडी उभी राहिली आणि लगेच उतरला तो ‘राइट आफ्टर’, चहा पिऊन बाहेर आला तो ‘शॉर्टली आफ्टर’, आणि ज्याला न्यायला येणारा माणूस झोपून राहिला तो स्टेशनवरून निघाला ‘लाँग आफ्टर’. एक खोच आहे, ‘सून आफ्टर’ चालतं पण ‘सून बिफोर’ कानाला बरं लागत नाही, तिथे ‘शॉर्टली बिफोर’ किंवा ‘जस्ट बिफोर’ घ्या. आणि ‘शॉर्टली’च, ‘शॉर्ट आफ्टर’ असं काही नसतं, पण ‘लाँग आफ्टर’ला मात्र ‘लाँगली’ होत नाही. का ते विचारू नका.

बाकीचे पटापट: पार वर्धेपर्यंत ‘ऑल द वे टू वर्धा’, अर्ध्या जिन्यात ‘हाफवे अप द स्टेअर्स’, रात्री उशिरापर्यंत ‘डीप इनटू द नाइट’, गावाच्या वर उंच ‘हाय अबव्ह द टाउन’ (रामटेकचं गडमंदिर, दुसरं काय). समोरासमोर असेल तर ‘डायरेक्टली ऑपोझिट द बँक’, तिरकं समोर असेल तर ‘डायगोनली ऑपोझिट’. ह्यात ‘ऑपोझिट टू द बँक’ मधला ‘टू’ काढून टाका, पत्त्यात तो फुकटचा येऊन बसतो.

‘ओन्ली’ आणि ‘ऑल्सो’, म्हणजे च आणि सुद्धा

आता मुख्य दुखणं. मराठीतला च दोन कामं करतो आणि आपल्याला ती वेगळी वाटतच नाहीत. ‘तो नागपुरातच राहतो’ ह्यात कधी अर्थ असतो की नागपूर सोडून दुसरीकडे नाही, फक्त नागपुरात. कधी नुसता जोर असतो, अरे इथेच तर राहतो, लांब कशाला शोधून राहिला बे. इंग्लिशमध्ये ही दोन कामं दोन वेगळे शब्द करतात. फक्त असेल तर ‘ओन्ली’, आणि ते तुकड्याच्या आधी: ‘वी डिलिव्हर ओन्ली इन नागपूर’. जोर असेल तर ‘राइट’: ‘ही लिव्ह्ज राइट हिअर इन नागपूर’. ‘ही लिव्ह्ज इन नागपूर ओन्ली’ म्हटलं तर आपला माणूस समजून घेतो, हैदराबादचा पण समजून घेतो, पण भारताबाहेरचा माणूस विचार करतो की बाकी शहरांचा विषय निघाला कुठून.

इथे हमखास कोणीतरी अडवतो, मग ‘स्टाफ ओन्ली’, ‘फॉर मेंबर्स ओन्ली’ असे बोर्ड काय चुकीचे आहेत का? नाही, ते एकदम बरोबर आहेत. बोर्ड, नियम, तिकीट, फॉर्म ह्यांच्या भाषेत मनाई सांगायची असेल तर ‘ओन्ली’ मागे येतं, ती पद्धतच आहे. पण बघा, तिथे अर्थ ‘फक्त’चा आहे. जोर देणारा च ‘ओन्ली’ने होत नाही, ना पुढे ना मागे. म्हणजे स्वतःला एकच विचारायचं, माझा च ‘फक्त’वाला आहे का ‘अगदी’वाला.

बोलताना इंग्लिशवाले लोक ‘आय ओन्ली वर्क ऑन सॅटर्डेज’ म्हणतात, म्हणजे ‘ओन्ली’ क्रियापदाआधी टाकतात आणि अर्थ फक्त शनिवारी असाच असतो, आवाजावरून कळतं. बोलण्यात चालू द्या. ज्या कागदावरून उद्या भांडण होऊ शकतं, म्हणजे रिफंडचे नियम, डिलिव्हरीची वेळ, तिथे मात्र ‘ओन्ली ऑन सॅटर्डेज’ असं चिकटवूनच लिहा.

सुद्धा सोपं आहे. ‘मे मध्ये सुद्धा’ म्हणजे ‘इव्हन इन मे’. ‘एवढ्या उन्हात सुद्धा’ म्हणजे ‘इव्हन इन धिस हीट’. ‘इन मे ऑल्सो’ म्हटलं की फक्त बेरीज झाली, एप्रिलमध्ये आणि मे मध्येही. ‘इव्हन’मध्ये नवल आहे, आणि आपल्या सुद्धामध्ये बहुतेक वेळा नवलच असतं. नुसती बेरीजच सांगायची असेल तर ‘वी आर ऑल्सो ओपन इन मे’ लिहा.

‘विशेष करून’चं पण इथेच उरकतो. वाक्याच्या सुरुवातीला ‘एस्पेशली आय लाइक’ असं टाकू नका, ज्याला ते लागतं त्याच्या तोंडाशी न्या: ‘आय लाइक ऑरेंजेस, एस्पेशली फ्रॉम काटोल’. ‘मेनली’, ‘पार्टली’, ‘लार्जली’ तिघंही त्याच रांगेत.

उपाय करूनही आकड्याजवळ अडतं

वरचं सगळं शिकवलं की आठवडाभर मेल स्वच्छ येतात आणि मग हे येतं: ‘ऑलमोस्ट फॉर थ्री इयर्स’, ‘अप्रॉक्सिमेटली फॉर टू अवर्स’. म्हणजे नियम पाळला, ॲडव्हर्ब प्रिपोझिशनच्या डावीकडे, तरी चूक. इथे नियमाचा दोष नाही, ॲडव्हर्ब कोणाचं आहे हे बघितलं नाही.

‘मी इथे जवळजवळ तीन वर्षांपासून काम करून राहिलो’ हे वाक्य घ्या. जवळजवळ काय? काम जवळजवळ नाही, ‘पासून’ पण जवळजवळ नाही. ‘तीन’ जवळजवळ आहे, पूर्ण तीन भरले नाहीत. म्हणजे तो शब्द आकड्याचा आहे, तर इंग्लिशमध्ये पण त्याने आकड्याला चिकटायचं, प्रिपोझिशनच्या आत जाऊन: ‘फॉर ऑलमोस्ट थ्री इयर्स’. ‘सिन्स’चं ‘फॉर’ काबर झालं, तर तीन वर्षं हा कालावधी आहे, सुरुवातीची तारीख नाही, तारीख असती तर ‘सिन्स’. आणि ‘ॲम वर्किंग’चं ‘हॅव बीन वर्किंग’. पूर्ण वाक्य, ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर ऑलमोस्ट थ्री इयर्स’. एका वाक्यात तीन दुरुस्त्या, पण बघणारा फक्त ‘सिन्स’ पकडतो आणि ‘ऑलमोस्ट’ जिथल्या तिथे सोडतो, म्हणून ‘ऑलमोस्ट फॉर’ उरतं.

आता ह्याच्या उलट बघा. ‘मी स्टेशनजवळ पोचतच आलो होतो’, म्हणजे ‘आय वॉज ऑलमोस्ट ॲट द स्टेशन’. इथे कमी पडतंय ते पोचणं, आकडा कुठेच नाही, म्हणून ‘ऑलमोस्ट’ बाहेर, ‘ॲट’च्या आधी. ‘ॲट ऑलमोस्ट द स्टेशन’ होणार नाही. आणि नऊला थोडं कमी असताना पोचलो तर ‘ॲट ऑलमोस्ट नाइन’, कारण आता कमी पडतंय ते नऊ. प्रश्न एकच, उणं काय आहे, आकडा की जागा. आकडा असेल तर आत, जागा असेल तर बाहेर.

‘एक्झॅक्टली’ मात्र दोन्हीकडे चालतं, ‘एक्झॅक्टली ॲट नाइन’ पण आणि ‘ॲट एक्झॅक्टली नाइन’ पण, अर्थात काही फरक पडत नाही. म्हणूनच घोळ होतो, पोट्टे ‘एक्झॅक्टली’ बघून शिकतात आणि ‘ऑलमोस्ट’ला तेच लावतात.

अजून दोन ठिकाणी अडू शकतं

लांब प्रिपोझिशन तोडू नका. ‘इन फ्रंट ऑफ’ दिसायला तीन शब्द आहेत पण काम एकाचं करतात, मग ‘इन जस्ट फ्रंट ऑफ’ असं मधे घुसायचं नाही, ‘जस्ट इन फ्रंट ऑफ’ किंवा ‘राइट इन फ्रंट ऑफ’. ‘बिकॉज ऑफ’ तसंच: ‘द डिले वॉज मेनली बिकॉज ऑफ द रेन’, मुख्यतः पावसामुळे उशीर झाला हो, पण ‘बिकॉज ऑफ मेनली द रेन’ नाही.

पण दोन खऱ्या प्रिपोझिशन एकामागे एक आल्या तर ॲडव्हर्ब दोघींच्या मधे येऊ शकतं आणि ते बघून घाबरू नका. ‘कुत्रं मंदिराच्या अगदी मागून आलं’, ‘द डॉग केम फ्रॉम राइट बिहाइंड द टेम्पल’. ‘दुकान मध्यरात्रीनंतर बऱ्याच वेळापर्यंत चालू होतं’, ‘द शॉप वॉज ओपन अंटिल वेल आफ्टर मिडनाइट’. इथे ‘राइट’ने ‘बिहाइंड’ला धरलं आहे, ‘फ्रॉम’ला नाही, त्यामुळे नियम मोडला नाही, जोडी तशीच शाबूत आहे.

परीक्षा देणाऱ्यांसाठी

बँक आणि स्टाफ सिलेक्शनची तयारी करणाऱ्यांना एरर शोधायच्या प्रश्नात हे येतं. ‘ओन्ली’ लागलेला तुकडा वाक्याच्या सुरुवातीला आला की पुढे क्रियापद आणि कर्ता ह्यांची अदलाबदल होते, प्रश्नात होते तशी. ‘ओन्ली आफ्टर द रिझल्ट डिड आय अंडरस्टँड’, ‘ओन्ली आफ्टर द रिझल्ट आय अंडरस्टुड’ नाही. ‘नॉट अंटिल’ आणि ‘नॉट इव्हन इन’ पण असंच करतात: ‘नॉट इव्हन इन मे डू दे क्लोज’. पण ‘जस्ट’, ‘राइट’, ‘शॉर्टली’, ‘इव्हन’ हे एकटे असले तर काही उलटंपालटं होत नाही, ‘जस्ट आफ्टर द रिझल्ट आय अंडरस्टुड’ बरोबर आहे. पेपर काढणारा नेमका ह्याच फरकावर बसलेला असतो.

पाठवायच्या आधीची तपासणी

मेल लिहून झाला की शोधायच्या खिडकीत एकेक शब्द टाकून बघा: ‘ओन्ली’, ‘ऑल्सो’, ‘ऑलमोस्ट’, ‘एक्झॅक्टली’, ‘इमिजिएटली’, ‘व्हेरी’. प्रत्येकाच्या उजवीकडे काय आहे ते बघायचं. प्रिपोझिशन असेल तर बहुतेक ठीक, आकडा असेल तर ठीक, विशेषण किंवा क्रियापद असेल तर तो वेगळा विषय, सोडून द्या. उजवीकडे पूर्णविराम असेल तर थांबा, तिथे दहातल्या आठ वेळा मराठीचं शेपूट लटकलेलं असतं. स्पेलिंग तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका, ‘बिहाइंड द टेम्पल ओन्ली’ मधला प्रत्येक शब्द सुटा सुटा बरोबर आहे, लाल रेघ येतच नाही.

‘व्हेरी’च्या उजवीकडे ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अबव्ह’, ‘बिलो’ सापडलं तर डोळे झाकून ‘वेल’ करा. ‘बिहाइंड’, ‘ऑपोझिट’, ‘नेक्स्ट टू’ सापडलं तर ‘राइट’. ‘निअर’ सापडलं तर हात लावू नका.

आणि पत्ता डिलिव्हरीवाल्या पोराला पाठवायचा असेल, तोही नागपूरचाच असेल, तर ‘मंदिराच्या मागेच, निळं गेट’ एवढं मराठीत पाठवा, तो लवकर येईल.